अ‍ॅव्हरेज सांगू नका, वहीत दाखवा



आपल्यापैकी बऱ्याच घरांतील मुले नोकरी-धंद्यानिमित्त अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत राहतात. जत्रेला, सणाला, ऊसतोडीच्या दिवसांत ती मोटारसायकलवर गावी येतात आणि बांधावर आम्हांस एकच प्रश्न विचारतात, "साहेब, आपल्या उसाचे इथेनॉल पेट्रोलमध्ये आले आणि गाडीचे अ‍ॅव्हरेज पडले, खरे ना?" प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने जून २०२२ मध्ये गाठला. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली व २०२५ मध्ये ते देशभर पोहोचले. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच उष्णता असते. तेव्हा अ‍ॅव्हरेज थोडे उतरणारच. ते लपवून उपयोग नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, साध्या पेट्रोलसाठी बनविलेल्या व १० टक्के मिश्रणाला जुळविलेल्या दुचाकींत ही घट ३ ते ४ टक्के धरली आहे. म्हणजे ५० चे अ‍ॅव्हरेज देणारी गाडी ४८ च्या आसपास येईल. पण कोणी म्हणाले की ५० ची ४० झाली, तर ती घट २० टक्क्यांची झाली. एवढा दोष एकट्या इथेनॉलचा नव्हे. बाकीचा चोर गाडीत किंवा रस्त्यात आहे आणि तो वहीशिवाय सापडत नाही.

आपण ऊस अंदाजाने घालत नाही, वजनकाट्यावर घालतो. गाडीचेही तसेच करावे. शंभर पानी वही घ्यावी व पुढील रकाने आखावेत: तारीख, किलोमीटरचा काटा, किती लिटर, किती रुपये, कोणता पंप, कोणता रस्ता, एकटे की डबल सीट, टायरमधील हवा आणि शेरा.

पद्धत सोपी आहे. टाकी फुल करावी, काटा लिहावा. गाडी नेहमीप्रमाणे वापरावी. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, गाडी तशीच सरळ उभी करून, पुन्हा तेवढीच फुल करावी. समजा काटा १८,२४० वरून १८,६५० वर गेला आणि ८.२ लिटर बसले. तर ४१० भागिले ८.२ म्हणजे ५० चे अ‍ॅव्हरेज. शंभर-दोनशे रुपयांचे पेट्रोल टाकून हा हिशेब जमत नाही. एका टाकीवरून निकालही देऊ नये. निदान पाच टाक्या लिहाव्यात.

मुंबईचा व गावचा हिशेब वेगळा ठेवावा. मुलुंडहून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने अंधेरीला रोज जाणारी गाडी सिग्नलला व कोंडीत उभी असते. इंजिन चालू, पेट्रोल जळते आणि काटा जागच्या जागी. तीच गाडी जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने गावी येते तेव्हा घाटाचा चढ सोडला तर एका चालीत पळते. (द्रुतगती मार्गावर दुचाकीस बंदी आहे, हे मुलांना बजावावे.) साकीनाक्याचे अ‍ॅव्हरेज गावच्या अ‍ॅव्हरेजशी ताडले तर दोष भलत्याच्याच माथी जाईल.

अ‍ॅव्हरेज एकदम पडले तर आधी शेऱ्याचा रकाना वाचावा. हवा कमी, चेन कोरडी, ब्रेक घासतो, एअर फिल्टर धुळीने बुजला, क्लच घसरतो, ही नेहमीची कारणे. उसाच्या फडातील धुळीत फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर लवकर भरतो.

आता जोड-साहित्याविषयी. पहिली वस्तू हवा मोजण्याचा गेज. तो खिशात मावतो व सर्वांत जास्त उपयोगी पडतो. दुसरी व्होल्टमीटर. बारा व्होल्टची चांगली बॅटरी गाडी बंद असता साडेबाराच्या आसपास आणि चालू असता साडेतेरा ते साडेचौदा दाखवते. चालू गाडीत आकडा वर चढत नसेल तर चार्जिंग तपासावे. तिसरी मोबाईलचा यूएसबी चार्जर. त्याची वायर चावीने बंद होणाऱ्या लाइनवरूनच घ्यावी व फ्यूज बसवावा. नाही तर सकाळी बॅटरी उतरलेली मिळते. मोबाईल हँडलवर सतत अडकवू नये. इंजिनच्या हादऱ्यांनी फोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा अ‍ॅपल कंपनीने २०२१ मध्येच दिला आहे. निरनिराळे सूर काढणारे हॉर्न मोटार वाहन नियमांत बसत नाहीत. त्यावर पैसा घालू नये.

जुन्या गाडीवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. इथेनॉल पाणी ओढते. पाणी जास्त झाले तर ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसते व गाडी चालू होत नाही. म्हणून पावसाळ्यात झाकणाचे रबर पाहावे, गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये. पेट्रोलची नळी व वायसर कडक झाले असतील तर बदलावेत. आपली गाडी २० टक्क्यांस योग्य आहे का, हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहावे.

एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल निघते. दहा लिटरच्या टाकीत दोन लिटर इथेनॉल असते. ते रसाचे असेल तर त्यामागे २८-२९ किलो ऊस आहे. आता मका व इतर धान्यांपासूनही इथेनॉल मोठ्या प्रमाणावर होते, पण आपल्या उसाच्या दराला त्याचा आधार आहेच. म्हणूनच त्याची खोटी तारीफ नको आणि खोटी बदनामीही नको. पाच टाक्यांची नोंद झाली की वही गट कार्यालयात घेऊन यावे. आम्ही बसून हिशेब पाहू. मुंबईच्या मुलांनाही आजच फोन करून सांगावे, पुढची टाकी फुल कर आणि काटा लिहून ठेव.