हौशी रेडिओ : लातूर-नांदेडच्या संदर्भात काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

हौशी रेडिओविषयीच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ ‘हौशी’ या शब्दाच्या अर्थातच सापडते. बोलण्यात ‘हौशी’ म्हटले की कच्चेपणा, फावल्या वेळचा नाद आणि जबाबदारीचा अभाव असे काहीतरी सूचित होते. परंतु ज्या राज्यात हौशी नाट्यस्पर्धेची परंपरा अनेक दशके चालत आली आहे आणि नांदेड-लातूरच्या रंगकर्मींनी ती मनापासून जोपासली आहे, तेथे ‘हौशी’ म्हणजे मोबदला न घेता पण पूर्ण तयारीनिशी काम करणारा, हा अर्थ मुळीच अपरिचित नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमावलीतील व्याख्या नेमकी याच अर्थाची आहे. स्वयंशिक्षण, परस्पर संपर्क आणि तांत्रिक शोध यांसाठी, केवळ वैयक्तिक आवडीने व कोणत्याही आर्थिक लाभाविना, रीतसर अधिकार मिळालेल्या व्यक्तींनी चालवलेली रेडिओसेवा म्हणजे हौशी रेडिओसेवा होय. या व्याख्येतील ‘रीतसर अधिकार मिळालेल्या’ हे शब्द ‘आवडीने’ या शब्दाइतकेच वजनदार आहेत आणि गैरसमज होतात ते या दोहोंपैकी एकच ध्यानात ठेवल्यामुळे.

या छंदाचे रूढ नाव ‘हॅम रेडिओ’ असे आहे. ‘हॅम’ ही हर्ट्झ, आर्मस्ट्राँग आणि मार्कोनी या तीन शास्त्रज्ञांच्या नावांची आद्याक्षरे असल्याचे सांगितले जाते आणि विद्यार्थी ते श्रद्धेने पाठही करतात, मात्र त्याला ऐतिहासिक आधार नाही. तारायंत्राच्या काळात व्यावसायिक तारमास्तर ज्याचा हात यंत्रावर जड पडे अशा अकुशल माणसाला हिणवण्यासाठी हा शब्द वापरत आणि पुढे हौशी चालकांनी तोच अभिमानाने स्वीकारला, असे मानण्यास अधिक आधार आहे. शास्त्रज्ञांची नावे या शब्दात शोधण्याची गरजही नाही, कारण त्यांचे ऋण प्रत्येक संचात प्रत्यक्ष दिसते.

आकाशवाणी ऐकणारा श्रोता आणि हॅम चालक यांच्यात गल्लत करणे, हा आणखी एक सार्वत्रिक गैरसमज आहे. श्रोत्याकडे फक्त ग्राही यंत्र असते, तर हॅम चालकाकडे प्रक्षेपण आणि ग्रहण ही दोन्ही कामे करणारा संच असतो. प्रक्षेपण म्हणजे सर्वांच्या सामाईक लहरींमध्ये आपली भर घालणे असल्यामुळे त्यासाठी परवाना अनिवार्य ठरतो. भारतात १९७८ च्या हौशी सेवा नियमांनी ही चौकट घालून दिली. त्यानुसार केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातील बिनतारी नियोजन व समन्वय शाखा, म्हणजे हॅम मंडळींच्या बोलण्यातील ‘डब्ल्यूपीसी’, परीक्षा घेऊन परवाना आणि त्यासोबत ‘कॉल साइन’ देते. कॉल साइन म्हणजे त्या चालकाची जगात एकमेव असलेली ओळख. भारतातील अशी ओळख ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होते. पुढचा आकडा २ असल्यास चालक साधारणपणे ‘जनरल’ श्रेणीचा आणि ३ असल्यास ‘रिस्ट्रिक्टेड’ म्हणजे मर्यादित श्रेणीचा समजावा.

परवान्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागते, ही समजूत लातूरसारख्या परीक्षांच्या शहरात विशेष रुजलेली दिसते. प्रत्यक्षात या परीक्षेसाठी शैक्षणिक पात्रतेची अट नाही आणि किमान वय १२ वर्षे आहे. अभ्यासक्रमात ओहमचा नियम, विद्युत मंडले, अँटेना व लहरींचे प्रसारण यांची प्राथमिक ओळख आणि नियमांची माहिती असते. सायकलच्या दुकानात काम करणारा मुलगा आणि महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारा प्राध्यापक एकाच परीक्षेला बसू शकतात, ही या छंदाची फार मोलाची बाजू आहे. मोर्स, म्हणजे ठिपके व रेषा यांची सांकेतिक लिपी, आल्याखेरीज परवानाच मिळत नाही, हेही पूर्णतः खरे नाही. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठवली आणि भारतातही मर्यादित श्रेणीसाठी ती लागत नाही. जनरल श्रेणीत मात्र मिनिटाला आठ शब्दांचा वेग अपेक्षित धरला गेला आहे.

याच्या नेमका उलट गैरसमज ऑनलाइन बाजाराने पसरवला आहे. तेथे दोन-तीन हजार रुपयांत मिळणारा हँडसेट विकत घेतला की माणूस हॅम झाला आणि शेतावर, मिरवणुकीत किंवा बांधकामावर तो बिनधास्त वापरता येतो, असे अनेकांना वाटते. भारतात परवान्याविना वापरासाठी मोकळा ठेवलेला अल्पशक्तीचा पट्टा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढाच अरुंद आहे, आणि हे स्वस्त हँडसेट त्याच्या बाहेरच्या फार मोठ्या पट्ट्यांत प्रक्षेपण करू शकतात, जेथे पोलीस, अग्निशमन किंवा अन्य सेवांचे संदेशवहन चालू असू शकते. यंत्र हाती असणे आणि ते चालवण्याचा अधिकार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हौशी परवान्यानेसुद्धा फक्त हौशी सेवेसाठी राखलेलेच पट्टे खुले होतात.

हॅम चालक गुप्त संदेश पाठवतात, हा संशय तर वस्तुस्थितीच्या अगदी विरुद्ध आहे. नियमांनुसार सांकेतिक गुप्तभाषेत बोलणे, व्यापारी निरोप देणे, गाणी वाजवणे आणि पैसे घेऊन दुसऱ्याचा संदेश पोहोचवणे निषिद्ध आहे. बोलताना स्वतःची कॉल साइन सांगावी लागते आणि प्रत्येक संपर्काची नोंद लॉगबुकात ठेवावी लागते. ज्याला काही लपवायचे आहे, त्याच्यासाठी इतके गैरसोयीचे माध्यम शोधून सापडणार नाही, कारण योग्य ग्राही यंत्र असलेला कोणीही ते संभाषण ऐकू शकतो.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज असा की, संच सुरू केला की जगात कोठेही, कोणाशीही, केव्हाही बोलता येते. तो दूर करण्यासाठी लातूर आणि नांदेड हीच दोन शहरे पुरेशी आहेत. या दोहोंमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे ११५ किलोमीटर भरते. हातातील संच ज्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो, त्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीच्या वक्रतेमुळे क्षितिजापाशी त्यांचा आवाका संपतो. १६ मीटर उंचीवरील अँटेनाचे रेडिओ-क्षितिज सपाट भूमीवर जेमतेम साडेसोळा किलोमीटर अंतरावर असते; म्हणजे दोन्ही बाजूंना चौमजली इमारतींच्या गच्चीवर अँटेना उभारल्या, तरी एरवी तेहतीस किलोमीटरच्या पलीकडे भरवसा धरता येत नाही. उंच ठिकाणी ‘रिपीटर’, म्हणजे आलेला क्षीण संदेश उचलून तत्क्षणी अधिक शक्तीने पुन्हा प्रक्षेपित करणारे स्वयंचलित केंद्र, बसवले तरच ही मर्यादा ओलांडता येते.

याउलट ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे ‘फोर्टी मीटर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यातील लहरी आयनांबरावरून परततात. सूर्यकिरणांमुळे जेथील वायू विद्युतभारित झालेला असतो, त्या वातावरणाच्या वरच्या थराला आयनांबर म्हणतात, आणि त्याचा लहरी परतवणारा मुख्य भाग साधारण अडीचशे ते चारशे किलोमीटर उंचीवर असतो. दिवसा लातूरहून जवळजवळ सरळ वर सोडलेली लहर तेथून परतून नांदेडला पोहोचते आणि त्याच वेळी पुण्याला, हैदराबादला किंवा नागपूरलाही ऐकू येते. रात्री मात्र आयनांबर विरळ होते आणि ७ मेगाहर्ट्झची सरळ वर गेलेली लहर अनेकदा ते भेदून अवकाशात निघून जाते. तिरकस गेलेली तेवढी दूरवर परतते. त्यामुळे ज्या रात्री नांदेडचा आवाज लातुरात ऐकू येत नाही, त्याच रात्री आग्नेय आशियातील एखादे केंद्र स्पष्ट ऐकू यावे, असे घडते. हॅम मंडळी याला ‘कंडिशन’ म्हणतात आणि आज कंडिशन कशी आहे, हा त्यांच्या संभाषणातील नित्याचा प्रश्न असतो. या प्रश्नाचे उत्तर तासागणिक, ऋतूगणिक आणि सौरडागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्रागणिक बदलते. शेतकरी वाऱ्याची दिशा आणि ढगांचा रंग पाहून पावसाचा जो अंदाज बांधतो, त्याच जातीचे हे ज्ञान असून ते पुस्तकापेक्षा रोजच्या सवयीतून अधिक मिळते.

खर्चाविषयीच्या समजुतीत तथ्य आहे, पण ते अर्धेच. परदेशी बनावटीचे तयार संच महाग असतात हे खरे. तथापि हैदराबादचे अशहर फरहान यांनी सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून बांधता येईल असा ‘बिटएक्स’ हा संच तयार करून त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला केला आणि तो जगभरच्या हौशी चालकांनी बांधला. त्याची शक्ती सहा वॉटच्या आसपास, म्हणजे घरातील एका लहान एलईडी दिव्याइतकी आहे आणि तेवढ्या शक्तीवर कंडिशन अनुकूल असताना हजारो किलोमीटरवर संपर्क होतो. अँटेनाचीही गोष्ट अशीच आहे. ७.१ मेगाहर्ट्झसाठी लागणारा ‘डायपोल’ म्हणजे सुमारे वीस मीटर लांबीची, मधोमध दुभागलेली तांब्याची साधी तार असून ती गच्चीवरील बांबू आणि अंगणातील कडुलिंब यांच्यामध्ये ताणता येते. एकेकाळी निजामाच्या संस्थानात असलेल्या नांदेड-लातूरला हैदराबाद मुंबईपेक्षा पुष्कळ जवळचे आहे आणि राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थाही १९८३ मध्ये तेथेच स्थापन झाली, ही या दोन जिल्ह्यांसाठी सोयीची बाब आहे.

शेजाऱ्यांच्या शंका वेगळ्या असतात. अँटेनामुळे कर्करोग होतो, ही भीती प्रारणांचे दोन प्रकार एकत्र केल्यामुळे निर्माण होते. क्ष-किरण अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटे करू शकतात, रेडिओलहरींत तेवढी ऊर्जाच नसते. मोठ्या शक्तीच्या अँटेनाच्या अगदी जवळ ऊतींचे तापमान वाढू शकते, म्हणून तिच्यापासून सुरक्षित अंतर राखणे मात्र आवश्यक आहे. टीव्हीत खरखर येते ती हॅममुळेच, ही तक्रार क्वचित योग्य असते आणि तेव्हा फिल्टर बसवून दोष दूर करणे हे चालकाचे कर्तव्य ठरते. आज बहुधा परिस्थिती उलटी आहे. निकृष्ट एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर आणि इन्व्हर्टर यांतून निघणारा विद्युत-गोंगाट इतका वाढला आहे की शहरातील हॅमला दूरचा क्षीण आवाज ऐकणे अवघड झाले असून, भारनियमनाने वीज गेली की बॅटरीवर चालणाऱ्या त्याच्या संचात अचानक शांतता पसरते आणि लपलेली केंद्रे ऐकू येऊ लागतात. विजेची भीती तेवढी गांभीर्याने घ्यायला हवी. एप्रिल ते जून या काळात मराठवाड्यात वळवाचे पाऊस विजांचा कडकडाट घेऊन येतात आणि दरवर्षी माणसे व जनावरे दगावतात. अँटेना वीज ‘ओढून आणते’ असे नसले, तरी अर्थिंग नसलेला उंच खांब धोकादायकच असतो. म्हणून जाणता चालक आभाळ भरून येण्याआधी केबल संचापासून वेगळी करतो.

मोबाईल आणि इंटरनेटमुळे हा छंद कालबाह्य झाला, या मताची कसोटी याच भूमीवर लागलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला, हजारो माणसे मृत्युमुखी पडली आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे पूर्णतः उद्ध्वस्त झाली. त्यानंतरच्या मदतकार्यात हॅम चालकांनी संदेशवहनाचे साहाय्य केले. मोबाईल तेव्हा नव्हता, आज आहे, हे खरे. पण मोबाईलचा मनोरा वीजपुरवठा, बॅटरी आणि दूरवर पसरलेल्या तारांच्या जाळ्यावर अवलंबून असतो आणि या साखळीतील एक कडी तुटली तरी हजारो हँडसेट एकाच वेळी मुके होतात, तर आयनांबरामार्गे थेट बोलणाऱ्या दोन हॅम केंद्रांच्या मध्ये मनुष्यनिर्मित असे काहीच नसते.

तथापि या उदाहरणातून आणखी एक गैरसमज जन्माला येतो, आणि तो सर्वांत हानिकारक आहे. तो असा की, संच कपाटात जपून ठेवावेत आणि आपत्ती आली की बाहेर काढावेत. किल्लारीच्या भूकंपाची वेळच याचे उत्तर देते. पहाटेच्या त्या प्रहरी आयनांबर सर्वांत क्षीण असते. जवळच्या जिल्ह्याशी ७ मेगाहर्ट्झवर संपर्क होण्याची शक्यता तेव्हा कमी असते आणि ३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर उतरावे लागते, ज्याला दुप्पट लांबीची अँटेना लागते. हे ज्याने शेकडो रात्री ऐकून अनुभवले आहे, त्याचा हात अंधारातही योग्य बटणावर जातो. इतरांचा मोलाचा पहिला तास ‘कोणी ऐकत आहे का’ असे विचारण्यातच जातो. डिसेंबर २००४ मध्ये हॅम चालक भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरमध्ये होते ते अंदमानातून जगभरच्या हॅम केंद्रांशी संपर्क साधण्याच्या छंदापोटीच. २६ तारखेला त्सुनामी आल्यावर तेच संच आणि त्याच अँटेना बेटांवरील माणसांची खबर मुख्य भूमीवर पोहोचवण्याच्या कामी आल्या.

म्हणूनच हॅम चालकाच्या दिनक्रमातील ज्या गोष्टी बाहेरच्याला निरर्थक वाटतात, त्यांच्याकडे नीट पाहिले पाहिजे. सकाळी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर ‘नेट’ भरते, म्हणजे एक चालक सूत्रधार होतो आणि उपस्थित केंद्रे एकेक करून हजेरी लावतात. या हजेरीत राजकारणही नसते आणि व्यवहारही नसतो. ‘तुमचा सिग्नल पाच-नऊ’, म्हणजे शब्द पूर्ण समजतात आणि जोर उत्तम आहे, एवढा अहवाल, हवामान, नव्या अँटेनाची लांबी आणि शेवटी शुभेच्छांचा जुना तारायंत्री आकडा ‘७३’. ठिकाण सांगण्यासाठी पृथ्वीचे अक्षांश-रेखांशांनुसार चौकटींत विभाजन करणारी पद्धत वापरली जाते. तिच्यानुसार लातूर ‘एमके ८८’ मध्ये, नांदेड त्याच्या लगतच्या ‘एमके ८९’ मध्ये आणि किल्लारी लातूरच्याच चौकटीत येते. अनेक चालक अधूनमधून मुद्दाम घरची वीज बंद करून केवळ बारा व्होल्टच्या बॅटरीवर नेटमध्ये हजर होतात, किती मिनिटे बोलल्यावर व्होल्टेज किती उतरले ते लॉगबुकात संपर्काच्या वेळेशेजारी लिहितात आणि सूत्रधार पुढचे नाव पुकारतो.