पीव्हीसीची पट्टी कापताना

मैत्रिणींनो, न्हाणीघराच्या छताला पीव्हीसीच्या पट्ट्या लावायच्या होत्या. पहिली मी लाकडाच्या करवतीने कापली आणि टवके उडाले. पैसे गेले, वर घरच्यांचं हसणं!

चूक दात्यांची होती. मोठे दाते पोकळ, पातळ पट्टीला ओरबाडतात. लोखंड कापायचं हॅक्सॉ ब्लेड घ्या. इंचाला 24 दाते असलेलं उत्तम. गुण्या लावून रेघ मारा. दर्शनी बाजू वर ठेवा, रेघेलगत खाली फळी द्या आणि हलक्या हाताने कापा. शेवटी सुटणारा तुकडा धरून ठेवा, नाहीतर मोडतो हं! कडा पॉलिश पेपरने घासा. उष्णतेने पट्टी वाढते, म्हणून भिंतीपाशी थोडी फट ठेवा. कडपट्टीत ती झाकली जाते.

उरलेले तुकडे बंबात मात्र घालू नका, धूर विषारी असतो.

माझी दुसरी पट्टी रेघेबरहुकूम कापली गेली, बरं का!