चिकाची शिदोरी

धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगररांगांत भूम तालुका वसलेला आहे. पाऊस बेताचा आणि जमीन पुष्कळ ठिकाणी हलकी, यामुळे येथील शेतकऱ्याने शेतीच्या जोडीस दुभत्याचा आधार धरला आहे. गावोगाव खव्याच्या भट्ट्या आहेत. भूमचा खवा आणि याच तालुक्यातील कुंथलगिरी या जैन तीर्थक्षेत्राचा पेढा यांची कीर्ती दूरवर गेलेली आहे. पाच लिटर दूध आटविले म्हणजे सुमारे एक किलो खवा पडतो, हा हिशेब तेथे पोरासोरांसही पाठ असावयाचा. परंतु एक दूध असे आहे की ते जाणता माणूस भट्टीवर घालीत नाही. ते म्हणजे नुकत्याच व्यालेल्या गाईम्हशीचा पहिल्या दोन-चार दिवसांचा चीक. तो कढईत पडला की दूध आटण्याऐवजी गोठू लागते.

भट्टीवाल्यास नकोसा वाटणारा हाच गुण आमच्या गृहिणींस मात्र मोठा प्रिय आहे. चिकात दूध, गूळ आणि वेलदोड्याची पूड घालून तो वाफेवर ठेवला की विरजणावाचून घट्ट बसतो आणि त्याच्या खरवसाच्या वड्या पडतात. हे कशाने घडते, असा प्रश्न स्वयंपाकघरात सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः त्याच्या उत्तरात आपल्या शरीराच्या संरक्षणव्यवस्थेचे एक मोठे रहस्य दडलेले आहे.

गाईच्या साध्या दुधात प्रथिने शेकडा साडेतीन भागांच्या आसपास असतात. पहिल्या धारेच्या चिकात ती चौदाच्या घरात जातात. या जादा प्रथिनांत मोठा वाटा प्रतिपिंडांचा असतो. प्रतिपिंड म्हणजे रोगजंतूस नेमके ओळखून त्यास चिकटणारे व निष्प्रभ करणारे सूक्ष्म प्रथिन. उष्णता लागताच ही प्रथिने थिजतात, आणि आपल्या ताटात खरवस येतो. गाईने हे सारे वासरासाठी साठविलेले असते. ते का, हे समजण्यास आधी ही प्रतिपिंडे शरीरात कोठे व कशी घडतात ते पाहिले पाहिजे.

हृदय किंवा यकृत यांप्रमाणे रोगप्रतिकाराचे एकच एक इंद्रिय नाही. ही व्यवस्था सर्व अंगभर पसरलेली आहे. तिचे मूळ अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतील मऊ मगजात आहे. रक्तातील सर्व पेशी तेथेच जन्मास येतात. त्यांतील काही भक्षक पेशी होत. जंतू दिसला की त्यास वेढावयाचे आणि गिळून टाकावयाचे, एवढेच त्यांचे व्रत. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी १८८२ साली तारामाशाच्या पारदर्शक पिलांच्या अंगात गुलाबाचे काटे टोचून, त्या काट्यांभोवती पेशी कशा गोळा होतात हे प्रथम पाहिले.

दुसरा वर्ग लसीकापेशींचा. त्या प्रत्येक शत्रूचा वेगळा विचार करतात, आणि एकदा भेटलेल्या शत्रूस सहसा विसरत नाहीत. यांतील एका शाखेच्या पेशी प्रतिपिंडे घडवितात. दुसऱ्या शाखेच्या पेशी शिक्षणासाठी छातीच्या मधल्या हाडामागे असलेल्या एका ग्रंथीत जातात. तिला मराठीत यौवनलोपी ग्रंथी असे अन्वर्थक नाव आहे. कारण बालपणी ती मोठी असते आणि तारुण्यात आल्यावर झिजू लागते. आपले कोण व परके कोण हे ओळखण्याची परीक्षा येथे होते. ती इतकी कडक असते की बहुतेक पेशी तीत नापास होऊन तेथेच नष्ट होतात. या ग्रंथीचे महत्त्व जॅक मिलर यांनी १९६१ साली सिद्ध केले. तोवर ती निरुपयोगी अवशेष म्हणूनच गणली जात असे.

शिकून तयार झालेल्या पेशींची ठाणी जागोजाग आहेत. पायास जखम होऊन जांघेत अवधाण येते, तेव्हा तेथील लसीकाग्रंथी कामास लागलेली असते. प्लीहा, जिला आपल्याकडील वृद्ध माणसे पाणथरी म्हणत, ती रक्त गाळून त्यातील जंतू टिपते. घशातील टॉन्सिल अन्नाच्या व श्वासाच्या वाटेवर पहारा करतात. आणि सर्वांत मोठे ठाणे आतड्यात आहे. शरीरातील प्रतिपिंडे घडविणाऱ्या पेशींपैकी निम्म्याहून अधिक आतड्याच्या अस्तरातच वस्ती करून असतात, हे ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. परंतु परक्या वस्तूंची सर्वांत मोठी आवक अन्नपाण्याबरोबरच होत असल्याने ही योजना योग्यच आहे.

आता नवजात अर्भकाकडे वळू. मज्जा, ग्रंथी, प्लीहा हे सारे त्याजपाशी आहे. नाही तो केवळ अनुभव. गर्भाशयातील निर्जंतुक एकांतातून ते एकाएकी असंख्य जंतूंच्या जगात येते. त्याच्या पेशी शत्रूंची ओळख करून घेऊन पुरेशी प्रतिपिंडे घडवू लागेतोवर कित्येक आठवडे व महिने जावयाचे. तोवर त्याने कोणाच्या बळावर जगावे?

या प्रश्नाचे उत्तर जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८९२ साली प्रसिद्ध केले. गुंज आणि एरंड यांच्या बियांत जहाल विष असते. ते अत्यल्प मात्रेने देत देत त्यांनी उंदरांच्या माद्यांस विष पचविण्यास समर्थ केले. मग साध्या मादीची पिले अशा समर्थ मादीच्या अंगावर पाजली, तेव्हा ती पिलेही त्या विषास दाद देईनाशी झाली. बाप समर्थ असून आई साधी असली, तर मात्र पिलांस काहीच लाभ होत नसे. रोगप्रतिकाराची ठेव आईकडून दुधावाटे संततीस मिळते, हे या प्रयोगाने निर्विवाद ठरले.

ही ठेव देण्याची रीत मात्र सर्व प्राण्यांत सारखी नाही. गाय, म्हैस व शेळी यांच्या वारेची रचनाच अशी आहे की गर्भात असता पिलास आईची प्रतिपिंडे मिळत नाहीत. वासरू जन्मते तेव्हा या बाबतीत अगदी निष्कांचन असते. त्याचे आतडे पहिले काही तास चिकातील प्रतिपिंडे अखंड शोषून रक्तात घेऊ शकते; ही शक्ती झपाट्याने उतरत जाऊन सुमारे चोवीस तासांत संपते. म्हणून वार पडेपर्यंत वासरू पाजू नये ही समजूत घातक आहे. तेवढ्या प्रतीक्षेत अमोल वेळ फुकट जातो. आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर नेणारी उस्मानाबादी शेळी पुष्कळदा जुळी देते. तेथे तर दुबळ्या करडाच्या वाट्यास चीक आला की नाही, हे मुद्दाम पाहावे लागते.

मानवाच्या बाळास ईश्वराने थोडी अधिक सवलत दिली आहे. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत विशेषेकरून आईची एका प्रकारची प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात. गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, त्याचे एक कारण हेच. त्याआधी आईची उरलेली प्रतिपिंडेच लसीचे काम अडवितात. अपुऱ्या दिवसांच्या बाळास ही शिदोरी अर्धीच मिळते. शिवाय आतड्याचे रक्षण करणारी दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडे वारेतून मुळीच येत नाहीत. ती येतात चिकातून, आणि बाळाच्या आतड्यास आतून जणू सारवण घालतात. याहून नवलाची गोष्ट ही की आईच्या आतड्यात त्या घरच्या, त्या गावच्या जंतूंशी झगडून तयार झालेल्या पेशी रक्तावाटे स्तनांत येऊन वस्ती करतात. ज्या घरात बाळ वाढावयाचे, त्याच घरच्या जंतूंवरील उतारा त्यास दुधातून मिळतो. कोणत्याही डब्यातील भुकटीस हे साधणारे नाही.

असे असता कित्येक घरांत आजही पिवळट, चिकट दिसतो म्हणून हा चीक पिळून टाकतात, आणि दूध उतरेतोवर बाळास मध, गुळाचे पाणी अथवा गाईचे दूध देतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेली बालके शेकडा सुमारे बेचाळीसच होती. जुन्या शास्त्राचा आधार घ्यावा तर तेथेही एकवाक्यता नाही. स्तन्य तीन-चार रात्रींनी प्रवृत्त होते असे मानून सुश्रुताने प्रारंभी मध-तुपाचे चाटण सांगितले आहे. चरकाने मात्र जातकर्मातील मधुघृतप्राशनानंतर लगेच उजवा स्तन आधी पाजण्यास सांगितले आहे. आजच्या ज्ञानाने चरकाचा पक्ष सबळ ठरतो. मध मात्र वर्षाच्या आत देऊ नये. त्यातील विशिष्ट जंतूंची बीजे तान्ह्या आतड्यात रुजून प्राणघातक विष उत्पन्न करू शकतात. संस्कृतात ‘पीयूष’ या एकाच शब्दाने अमृत आणि गाईचा चीक हे दोन्ही अर्थ दाखविले जातात, हे विसरू नये.

तेव्हा करावयाचे ते थोडके आहे. बाळ जन्मल्यावर तासाभरात, शस्त्रक्रिया झाली असली तरी आई सावध होताच, त्यास अंगाशी घ्यावे. पहिल्या दिवशी दोन-चार चमचेच चीक निघतो. बाळाचे पोटही तेवढेच असते, म्हणून दूध नाही असा घोष करू नये. सहा महिने आईच्या दुधावाचून दुसरे काही, पाणीसुद्धा, देऊ नये. आईस काही विशेष आजार अथवा औषधे चालू असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चीक मिळाला म्हणून लसी टाळता येत नाहीत. उसनी मिळालेली प्रतिपिंडे काही महिन्यांत सरतात, आणि पुढची कमाई बाळाच्या स्वतःच्या पेशींनाच करावी लागते. आणि खरवस? तो आवडीने खावा, पण वासरू तृप्त झाल्यावर उरलेल्या चिकाचा; औषध म्हणून नव्हे, कारण शिजलेली प्रतिपिंडे आपल्या पोटात इतर प्रथिनांप्रमाणेच पचून जातात.

एकत्र कुटुंबात बाळंतिणीच्या खोलीतील शब्द सासूबाईंचा अथवा आजेसासूबाईंचा चालतो, आणि म्हणून हा लेख विशेषतः त्यांनी वाचावा अशी इच्छा आहे. वासरू धाले नसता गडी चिकाचा तांब्या भरू लागला, तर गोठ्याच्या दारातून त्यास दटावणारी हीच वडीलधारी माणसे असतात. तोच न्याय त्यांनी आपल्या नातवंडास लावावा.