गोल बाजारातलं 'कोहराम'

सकाळी साडेनऊ. तात्यापाऱ्यातून चालत गोल बाजारात येतो, शटर उचलतो, उदबत्ती लावतो. एका बाजूला पूजेचं सामान, पलीकडे मसाले. हळदीचा वास माझ्या जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांत मुरलेला असतो.

अकराच्या सुमारास भवानी होते ती शाळेच्या गाइडची. दीडपर्यंत तीच विक्री, तीच घासाघीस.

दोन वाजता गिऱ्हाईक पांगतं. मग नव्या गठ्ठ्यातलं राज कॉमिक्सचं 'कोहराम' पुढ्यात घेतो. पिना गंजून पानाला तांबडे डाग पडलेत. बोथट सुरीनं पिनेचे पाय उभे करायचे, पीन अलगद ओढायची आणि त्याच भोकांतून सुती दोरा घालायचा. मुखपृष्ठाला खळ लावायची तीही पातळ. दाट झाली तर कागद आक्रसतो.

शिवताना वाचायला लागतो आणि हात थांबतात. नागराज, ध्रुव, डोगा, परमाणू, शक्ती, सगळे एकाच अंकात. नुसती हाणामारी म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. अनुपम सिन्हांची ही पानं सावकाश बघावीत. नागराजच्या मनगटातून साप सुटतात. ध्रुवकडे असली कुठलीच शक्ती नाही, म्हणून तो आधी अंदाज घेतो, मग झेपावतो. मुंबईचा डोगा विचारत बसत नाही, बंदूक चालवतो. कोण आधी धावला, कोणी कोणाला सावरलं, यातूनच माणूस कळतो. त्यासाठी वेगळं भाषण लागत नाही. एवढ्या गर्दीत कोणाचा हात कुठे गेला हे शोधावं लागू नये, ही चित्रकाराची मोठी कमाई आहे.

या नागराजचा 1986 मधला पहिला अंक चितारला पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी, अमर चित्रकथेत पुराणं आणि इतिहास रंगवणाऱ्या हातानं. आपल्याकडे त्यांचं नाव याहून जास्त घेतलं जायला हवं.

साडेचारला चहा. शाळा सुटलेली पोरं येतात. हात कोरडे असले की उभ्यानं वाचू देतो.

सातला नेहमीचे एक गृहस्थ येतात. 'कोहराम' पिशवीत टाकतात आणि विचारतात, "भाऊ, 'नागराज और सुपर कमांडो ध्रुव' आहे का?"

आहे, पण मधली दोन पानं गेलेली. असा अंक मी विकत नाही. स्टूल पुढे सरकवतो. "इथंच बसून वाचा. साडेआठपर्यंत आहे मी."