बोट दाखवल्याने काकडी कुजत नाही

वेलावर पहिली बोटभर काकडी दिसली की घरातलं एखादं मोठं माणूस हमखास दटावतं, "बोट दाखवू नकोस, कुजेल!" दाखवायचंच तर बोट वाकडं करून. या समजुतीला पुरावाही मिळत राहतो, कारण बोट दाखवलेली काकडी खरोखरच पिवळी पडून गळते. न दाखवलेल्याही गळतात, पण त्यांचा हिशेब कोण ठेवतो?

गळण्याची कारणं मुख्यतः दोन. परागीभवन झालं नाही तर वेल त्या कोवळ्या फळाला पोसत बसत नाही. दुसरं कारण फळमाशी. तिची मादी कोवळ्या सालीत अंडी घालते, आत अळ्या होतात आणि फळ टोचल्या जागी वाकडं होऊन सडतं. यावर उपाय साधे आहेत. फळ लहान असतानाच त्याला कागदी पिशवी बांधावी, कामगंध सापळा टांगावा आणि गळलेली फळं कुंडीतच पडून राहू देऊ नयेत. त्यातल्या अळ्या मातीत उतरून कोश करतात आणि नव्या माश्या होऊन वर येतात.

"फुलं भरपूर येतात, पण सगळी वांझोटी," ही दुसरी तक्रार. दुधी, भोपळा, काकडी, दोडका यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, तर नर फूल नुसत्या देठावर. सुरुवातीचे काही दिवस बहुतेक नर फुलंच येतात आणि ती गळतात, तसं गळणं हाच त्यांचा धर्म. अशा वेळी घाबरून नत्रयुक्त खत ओतलं की वेल पानांनीच माजतो. दुधीचा मुख्य शेंडा खुडला तर मात्र उपयोग होतो, कारण बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त धरतात.

वेळही महत्त्वाची. भोपळ्याची फुलं पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. मधमाश्या येतात त्या सकाळीच. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, त्याचं काम पतंग करतात. इमारतीच्या सहाव्या मजल्यावर पतंग येईलच असं नाही. मग दिवे लागल्यावर नर फूल तोडून, पाकळ्या काढून त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच घासावा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं.

भोपळ्याच्या उरलेल्या नर फुलांची भजी करावी. आतला केसर काढून फुलं बेसन, ओवा, तिखट यांच्या पिठात बुडवून तळायची. फुलं वाया जातात म्हणून हळहळणाऱ्यांना द्यायला मला हेच उत्तर पटतं.

"कारल्याशेजारी लावला म्हणून दुधी कडू झाला," हेही खूप ऐकू येतं. या दोघांचा संकर होत नाही. शिवाय फळाचा गर आईवेलाचा असतो, त्यामुळे पराग कोणाचाही असला तरी यंदाच्या फळाची चव बदलत नाही. दुधीचा कडूपणा येतो कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांतून. एखाद्या कडू दुधीशी संकर झालेलं बी पेरलं, तर पुढच्या पिढीत तो उतरू शकतो. पाण्याचा ताण आणि कडक उन्हानेही वाढू शकतो.

इथे मात्र लोक घाबरायला हवं तिथे घाबरत नाहीत. "कडू ते औषधी" म्हणत कडू दुधीचा रस नाक दाबून पितात. त्याने तीव्र पोटदुखी, उलट्या, रक्ताची उलटी, रक्तदाब उतरणं असे प्रकार झाले आहेत, काहींचा जीवही गेला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू रस पिऊ नये, असं स्पष्ट सांगितलं आहे. कारल्यातली कडू द्रव्यं वेगळी, तो दाखला इथे चालत नाही. शिजवून, मीठ लावून किंवा गूळ घालूनही हे विष जात नाही. म्हणून दुधी चिरला की एक बारीक तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकावा आणि अख्खा दुधी फेकून द्यावा. खाल्ल्यावर त्रास सुरू झाला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावं.

गोड निघालेल्या दुधीला शिजताना पाणी घालायची गरज नसते. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. तेलात मोहरी, हिंग, हळद, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि फोडी टाकून वर झाकण ठेवलं की तो स्वतःच्याच पाण्यात शिजतो. नख सहज रुतत असेल तर साल काढूच नये. काढलीच, तर दोडक्याच्या शिरांसारखी थोड्या तेलात कुरकुरीत परतून तीळ, सुकं खोबरं, लसूण आणि लाल तिखट घालून चटणी करावी.