कॅनरी: खाणकामगाराच्या घरातली वरकमाई

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या बोलण्यात एक शब्द रोज येतो, कॅनरी रिलीज. नवा कोड आधी मोजक्याच लोकांना द्यायचा. तिथे काही बिघडलं तर बाकीचे वाचतात. हा शब्द आला कोळशाच्या खाणीतून. कार्बन मोनॉक्साइड माणसाआधी कॅनरीला बाधतो, म्हणून हा चिमुकला पक्षी सोबत न्या, असं जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञानं 1890च्या दशकात सुचवलं. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून कॅनरी खाणकामगारांच्या घरात होता, आणि तिथे तो गाऊन कमवत होता! आजचा भाग त्याबद्दल.

मूळ घर अटलांटिक महासागरातली कॅनरी बेटं. 15व्या शतकात स्पेननं ती जिंकली आणि पक्षी युरोपात पोचला. सुरुवातीला ही श्रीमंतांची चैन. पुढे पिंजऱ्यातच पैदास होऊ लागली, तसा तो स्वस्त झाला. ऑस्ट्रियातल्या इम्स्ट गावचे फेरीवाले पाठीवर पिंजरे बांधून गावोगाव विकायला जात.

खरी गंमत जर्मनीतल्या हार्झ डोंगरात. तिथलं सांक्ट आंद्रेआसबेर्ग हे चांदीच्या खाणींचं गाव. खाणीतली मजुरी तुटपुंजी, म्हणून 19व्या शतकात घरोघरी कॅनरीची पैदास सुरू झाली. पुरुष खाणीत, त्यामुळे दाणापाणी बरंचसं बायकापोरांकडे. लाकडाचे छोटे पिंजरेही घरीच बनत.

आता तालमीचं ऐका. गातो तो मुख्यतः नर, आणि तो ऐकून ऐकून शिकतो. म्हणून कोवळ्या नरांना झाकलेल्या, अंधाऱ्या पिंजऱ्यांत ठेवून शेजारी एक मुरलेला गवई ठेवायचे. उस्ताद चांगला तर शिष्य चांगला. (आमच्या भाषेत, ट्रेनिंग डेटा!) यातून तयार झाला ‘हार्झर रोलर’, चोच जवळजवळ मिटून खालच्या, घोळदार सुरात गाणारा. व्यापारी हे पक्षी जहाजानं पार न्यूयॉर्कपर्यंत नेत. मादी मात्र कवडीमोल.

याला सर्रास ‘छंद’ म्हणतात, ते मला पटत नाही. छंद होता विकत घेणाऱ्याचा. हार्झमध्ये ते घरबसल्या केलेलं कष्टाचं काम होतं. दिवाणखान्यात जे गाणं वाजायचं, त्यामागे कुणाच्या तरी पोराची पहाट गेलेली असायची.

सांक्ट आंद्रेआसबेर्गची सॅमसन खाण 1910 साली बंद पडली. आज तिथे कॅनरीचंही संग्रहालय आहे. ब्रिटनमध्ये 1986 साली इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली आणि खाणींतल्या दोनशेहून जास्त कॅनरींची सुट्टी झाली. त्यांच्याशी शीळ घालून बोलणाऱ्या कामगारांना ते जड गेलं. तिथल्या काही पिंजऱ्यांना वर छोटा ऑक्सिजनचा सिलिंडर असे. पक्षी कोसळला की दार लावून घ्यायचं आणि कॉक उघडायचा, म्हणजे तो शुद्धीवर यायचा.