झोडणे आणि मळणे : जुन्या रोटरयंत्राची सुधारणा

दाणा वेगळा करण्याच्या क्रियेला मराठीत दोन क्रियापदे आहेत : झोडणे आणि मळणे. झोडण्यात आघात आहे, मळण्यात घर्षण. हेमचंद्राने बाराव्या शतकातील आपल्या प्राकृत व्याकरणात संस्कृत 'मृद्' धातूला 'मल' असा आदेश सांगितला आहे; आपले 'मळणे' त्याच घराण्यातले होय. कणीक मळणारा हात आणि तिवड्याभोवती फिरणारी बैलांची पात यांची क्रिया तत्त्वतः एकच, हे भाषेने केव्हाच ओळखले होते.

यंत्राला हा भेद उशिरा उमगला. जुन्या कापणी-मळणी यंत्रातील ड्रम आडवा असतो. पीक ड्रम व जाळी यांमधील फटीतून एकदाच, क्षणार्धात जाते. तेवढ्यात दाणा सुटावा म्हणून तडाखा जबर लागतो. अमेरिकेत १९७५ साली न्यू हॉलंडने व १९७७ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरने आणलेल्या यंत्रांत रोटर यंत्राच्या लांबीच्या दिशेने बसविला. पीक त्याभोवती मळसूत्रासारखे फेरे घेत मागे सरकते व काड काडावर घासून दाणा सुटतो. खळ्यावरची पातच जणू लोखंडात उतरली! (मराठवाड्यात मळणीयंत्राला 'हडंबा' म्हणतात. हा शब्द पंजाबीतही आहे. यंत्राबरोबर शब्दही प्रवास करतो, तो असा.)

जवळा बाजारच्या परिसरात या भेदाचे महत्त्व सोयाबीनमुळे आहे. या दाण्याचे टरफल पातळ, आणि अंकुराचे मूळ टरफलाच्या लगेच खाली. तडकलेला दाणा मोंढ्यात तेलासाठी विकला जाईल. पण घरचे बियाणे म्हणून राखला, तर पुढल्या जूनमध्ये तो उगवणार नाही. २०२० साली मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या असंख्य तक्रारी झाल्या. त्यामागे आदल्या वर्षी काढणीच्या वेळी आलेला पाऊस हे मोठे कारण होते. परंतु मळणीतील इजाही उगवण घटविते, हे विसरून चालणार नाही.

मग जुन्या रोटरयंत्रात काय बदलावे? प्रथम गती. साठ सेंटिमीटर व्यासाचा रोटर मिनिटाला ७०० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे २२ मीटर होतो. ४०० फेऱ्यांना तो साडेबारावर येतो. पुली बदलून एवढे साधते. मात्र रोटरवरील पट्ट्या झिजलेल्या असतील, तर कमी गतीत शेंगा फुटत नाहीत आणि चालक पुन्हा गती वाढवितो. म्हणून पट्ट्या आधी बदलाव्यात, पुली नंतर. गव्हासाठीची दाट तारांची जाळी काढून मोठ्या फटींची बसवावी. सुटलेला दाणा लगेच खाली पडला, तर पुढचा मार वाचतो. चाळणीवरून परतणाऱ्या मालात मोकळा दाणा फार असेल, तर तोच दाणा दुसऱ्यांदा रोटरखाली जातो. तेथे चाळणीची फट वाढवावी. वस्तुतः सोयाबीनची बरीचशी गळ रोटरपाशी नव्हे, पुढच्या पात्यापाशीच होते, कारण खालच्या शेंगा जमिनीलगत असतात. तेथे बोथट पाते चालत नाही.

दाणा फार वाळला, तर मात्र एवढे करूनही तो तडकतो. म्हणून प्रत्येक फेरबदलानंतर टाकीतून शंभर दाणे घ्यावेत व पाच मिनिटे पाण्यात टाकावेत. टरफल तडकलेले दाणे इतरांच्या आधी फुगतात. ते मोजावेत, आणि मगच पुढच्या पट्टीत यंत्र घालावे.